चार कोपऱ्यांची हळद

कुणाच्या घरची लग्नपत्रिका आली की मी ती वाचायच्या आधी तिचे चारही कोपरे चाचपून बघते. आमचे हे हसतात. हसू देत. लेकीच्या लग्नाला दुसरा उन्हाळा आला, पण तेव्हा जो घोर लागला होता तो मला एकटीला लागला होता, ह्यांना नाही.

लेक पुण्याला असते. कागदाच्या देखण्या वस्तू बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत काम करते. पाकिटं, पताका, उन्हाळ्यातल्या मेजवान्यांना लागणारे कागदी पंखे, ताटाखाली अंथरायचे नक्षीचे कागद, असलं सगळं. ताटाखाली कागद कशाला, ताट काय पळून जातं, असं मी एकदा विचारलं होतं. त्यानंतर तिनं मला कामाचं काही सांगणं बंद केलं. त्यामुळे तिच्या लग्नाची पत्रिका तीच करणार हे मला कळलं तेव्हा खोकं घरी येऊन पडलं होतं.

खोक्यात साठेक पत्रिका होत्या, फक्त अगदी जवळच्यांसाठी. बाकी गावभर वाटायच्या पत्रिका आमच्या नंदुरबारच्या प्रेसमध्येच छापायला टाकल्या होत्या, गणपतीसकट, सगळ्या भाऊबंदांच्या नावांसकट. लेकीची पत्रिका वेगळीच. जाड, खरखरीत कागद, सरकीतून नुकत्या काढलेल्या कापसाच्या रंगाचा. कडा हातानं फाडल्यासारख्या. वरून पातळ कागदाचं पाकीट आणि सुतळीची गाठ. आत दोघांची नावं, तारीख, वेळ, जागा. संपलं. ना आपले नम्र, ना मामाकडची मंडळी. ह्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "हाई पत्रिका शे का दुकाननं कार्ड?"

मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं, या कागदात झेंडूचं बी आहे, वाचून झाल्यावर कुंडीत पुरा. मी कपाळाला हात लावला. लग्नाच्या पत्रिकेवर पुरा हा शब्द! तिला फोन केला तर ती शांतपणे म्हणाली, "आई, प्रत्येकाच्या दारात आमच्या लग्नाची फुलं येतील. आणि एक लक्षात ठेव, कागद ओला करू नकोस हं."

हे तिनं सांगितलं होतं. मी ऐकलंही होतं. मी शाळेत शिकवते, ऐकलं नाही असं म्हणायची मला सोय नाही.

पण त्या पत्रिकेच्या कोपऱ्यांना हळदकुंकू नव्हतं. छापलेलंसुद्धा नव्हतं. आमच्याकडे कोरड्या कोपऱ्यांचा कागद घरात येतो तो दहाव्याचा. असला कागद मी लेकीच्या लग्नाचा म्हणून कुणाच्या हातात ठेवू? आणि तोही पहिल्यांदा आक्कांच्या?

आक्का म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण, माझ्या नणंद, लेकीची फुई. विसरवाडीला असतात. त्यांच्या यजमानांचं, आमच्या नंदोईंचं, तिथे हायवेलगत खतं-बियाण्यांचं दुकान आहे. लग्नाच्या सहा वर्षं आधी आम्ही घर बांधलं. वास्तुशांतीच्या वेळी माझ्या शाळेत परीक्षा चालू होत्या, मी सगळ्यांना पत्रिकेचा फोटो फोनवर धाडून मोकळी झाले. आक्कांनाही धाडला. खाली हात जोडल्याचं चित्रही टाकलं. आक्का आदल्या दिवसापर्यंत दाराकडे बघत बसल्या होत्या म्हणे, भाऊ बोलवायला येईल म्हणून. कुणी गेलं नाही. त्या आल्या नाहीत, आणि त्यानंतर आमच्या उंबऱ्याला त्यांचा पाय लागला नाही. राखी पोस्टानं यायची. ती राखी हे माझ्याकडून कधी बांधून घ्यायचे नाहीत, शेजारच्या मुलीकडून घ्यायचे.

फोटो मी धाडला होता हे ह्यांना ठाऊक होतं. एका शब्दानं मला बोलले नाहीत. बोलले असते तर मीही दोन शब्द सुनावले असते आणि विषय मिटला असता. गप्प बसणाऱ्या माणसाशी भांडण तरी कसं करायचं?

आता आमच्यात मुलीला हळद लावायची तर पहिला हात फुईचा. फुई नसेल तर चुलत फुई चालते, पण सख्खी जिवंत असताना, तासाभराच्या वाटेवर असताना चुलत फुई उभी करायची म्हणजे गावाला आम्हीच बोलायला निमित्त द्यायचं. आणि गाव राहू दे. लेकीनं लहानपणी सगळ्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या विसरवाडीला काढलेल्या. पत्रिकेच्या पाकिटावर तिनं स्वतःच्या अक्षरात 'माझी फुई' असं लिहिलेलं होतं. बाकी कुणाच्याच पाकिटावर तिनं हातानं लिहिलं नव्हतं.

ह्यांनी फोन करून आक्कांना सांगितलं की शुक्रवारी आम्ही दोघं येतो, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी. पलीकडून "हं" एवढंच आलं.

त्याआधीच्या रविवारी मी वाटीत हळद कालवली, दुसऱ्या वाटीत कुंकू, आणि पत्रिका घेऊन बसले. साध्या पत्रिकेवर एक बोट टेकवलं की काम होतं. हा कागद मात्र अधाशी. हळद लावली की आत ओढून घ्यायचा आणि वर पिवळेपणा म्हणून काही दिसायचाच नाही. म्हणून मी पाणी वाढवलं. दोनदा लावली, तीनदा लावली. आक्कांच्या पत्रिकेला तर वास्तुशांतीच्या वेळची राहिलेलीसुद्धा लावली म्हणायला हरकत नाही. मग धूळ बसू नये म्हणून सगळ्या पत्रिका प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीला गाठ मारून, कूलरच्या खिडकीपाशी ठेवून दिल्या. आमच्या उन्हाळ्यात घरातली तेवढीच जागा गार असते, दूधसुद्धा आम्ही तिथेच ठेवतो.

शुक्रवारी सकाळी नवी साडी नेसून, ताटात नारळ आणि तांदूळ ठेवून मी पिशवी सोडली. ओल्या मातीसारखा वास आला. वरची पत्रिका उचलली तर तिच्याबरोबर खालचीही आली. पत्रिकेच्या चारही कोपऱ्यांना, जिथे जिथे मी हळद लावली होती तिथे तिथे, पांढरे दोरे फुटले होते आणि त्यांच्या टोकांना पिवळट हिरवी दोन दोन पानं. पाकिटाच्या पातळ कागदातून ती बाहेर डोकावत होती. मधली नावं, तारीख मात्र कोरडी ठणठणीत.

मी खाली बसले. खरं सांगते, तेव्हा मला कागदाचं काही वाटलं नाही, लेक ओरडेल याचंही नाही. एवढंच डोक्यात आलं की आता आज जाणं होणार नाही, आणि आक्का पुन्हा दाराकडे बघत बसतील. प्रेसच्या पत्रिका सोमवारी मिळणार होत्या. सोमवार उजाडेपर्यंत सगळंच संपलं असतं.

हे आले, पिशवीत बघितलं. "हाई काय व्हयनं?"

मी सांगितलं. रडत सांगितलं. ह्यांनी 'माझी फुई' लिहिलेलं पाकीट शोधून काढलं, बाकीच्यांपासून मुळं तुटू न देता सोडवलं, ताटात ठेवलं आणि पायात चपला घातल्या.

"चाल. हाईच लईसन जाऊत."

बसमध्ये मी ताट मांडीवर घेऊन बसले होते, वर रुमाल झाकून. खांडबाऱ्यापर्यंत मी मनातल्या मनात माफीची तीन वाक्यं जुळवली आणि पुढे तिन्ही विसरले. विसरवाडीच्या फाट्यावर ट्रकांच्या धुरळ्यात उतरलो तेव्हा रुमाल उचलून बघितलं. कोंब उन्हानं माना टाकतील असं वाटलं होतं. एकानंही टाकली नव्हती.

आक्का दुकानामागच्या घरात ओट्यावर गहू निवडत होत्या. केस पुष्कळ पांढरे झाले होते. ह्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "ऊनात का? बठा." आलात, बसा, एवढंच. माझ्याकडे बघितलं नाही. पाणी आलं. पाऊस कसा होईल यावर बोलणं झालं, जो अजून दीड महिना यायचा नव्हता. मग मी उठले, त्यांना कुंकू लावलं, त्यांच्या पदरात तांदूळ घातले आणि पाकीट हातात ठेवलं.

त्यांनी आधी नातीसारखे लाड केलेल्या भाचीचं अक्षर वाचलं. मग पाकीट उघडलं. कोंबांना हात लागू नये म्हणून पत्रिका मधोमध धरली आणि नुसत्या बघत राहिल्या.

"मीच चुकनू, आक्का," मी म्हणाले. "हळदमा पानी जास्त व्हयी गयं."

"हळद कोनी लावी?"

"मीच."

"समदास्ले?"

"समदास्ले. हातवरी."

एकूण एक पत्रिकेला, हातानं. आक्कांनी चारही कोपरे एकेक करून डोळ्यांजवळ नेले. नंदोई दुकानातून पुढे आले, वाकून बघितलं आणि "बी चांगलं शे" म्हणून परत गेले. त्यांच्यापुरता विषय तिथे संपला.

मग आक्का उठल्या आणि आत गेल्या. आपण जायचं की थांबायचं ते आम्हाला कळेना. आतून हाक आली, तीही मला. देवघराच्या शेजारी आखाजीची गौराई मांडायची तयारी केलेली होती. आमच्याकडे टोपलीत माती घालून गहू पेरतात, ते उगवतात तीच गौर. आक्कांच्या टोपलीतले गहू बोटभर झाले होते, तसेच पिवळट हिरवे, सावलीत वाढलेले. त्यांनी एका परातीत काळी माती पसरली, तिच्यावर पत्रिका आडवी ठेवली, कोपऱ्यांवर चिमूट चिमूट माती घातली आणि ती परात गौराईच्या टोपलीला लागून ठेवली. मधली नावं उघडीच राहू दिली.

"गौर उगनी शे," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, सहा वर्षांत पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघत म्हणाल्या, "फोनमा काही उगत नही."

एवढंच. पण माझा जीव भांड्यात पडला. ह्यांनी मागे उभं राहून चष्मा पुसायला घेतला, तो बराच वेळ पुसला. जेवायला बसवलं आम्हाला. पहिल्या आंब्याचा रस होता, आणि मी दोन वाट्या जास्तच घेतला.

निघताना ह्यांनी विचारलं, "आक्का, येशी ना?"

"देखसू," आक्का म्हणाल्या.

देखसू म्हणजे बघू. हो नाही आणि नाहीही नाही. बसमध्ये हे म्हणाले, येईल. मी म्हणाले, येतील. पण दोघांनीही ते दोनदा म्हटलं, तेव्हाच मला कळलं की दोघांनाही खात्री नाही.

लेकीला रात्री फोनवर सगळं सांगितलं. ती आधी ओरडली, मग हसायला लागली, मग म्हणाली, फोटो पाठव. मी म्हटलं, फोटो बिटो काही मिळणार नाही, इथे येऊन बघ. उरलेल्या पत्रिका तशाच कोंबांसकट वाटल्या. एका ओळखीच्या व्यापाऱ्याच्या घरी तर त्यांनी विचारलं की असलं डिझाइन कुठे मिळतं. मी त्यांना लेकीचा नंबर दिला आणि बाकी काही बोलले नाही.

महिनाभरानं हळदीचा दिवस उजाडला. मांडवात बायका जमल्या, पाट मांडला, लेक बसली. मी कोपऱ्यात मोठं घंगाळ घेऊन हळद कालवत होते. चुलत फुई पुढच्या रांगेत पदर खोचून तयार बसल्या होत्या. मीच त्यांना सांगून ठेवलं होतं, लागलं तर. दाराकडे बघायचं नाही असं मी ठरवलं होतं. एकदा आक्का तशा बसल्या होत्या, आता माझी पाळी आली होती, त्यात तक्रार कसली. हळद काही माझ्या मनासारखी होईना. घट्ट झाली की पाणी घालायचं, पातळ झाली की हळद.

"पानी बेतानं टाक," मागून आवाज आला. "नहीते पोर आठेच उगी जाई."

वळले तर आक्का. सकाळच्या बसनं आलेल्या, घामानं चिंब. कडेवर मूल घ्यावं तशी परात घेतलेली. परातीत वीतभर झेंडूची रोपं, चारही कोपऱ्यांत दाट आणि मध्ये मोकळी. पत्रिका मातीत कधीच विरून गेली होती.

पोर इथेच उगवणार म्हणून बायका हसल्या. लेक पाटावरून अर्धी उठली, तिला दोघींनी खाली दाबलं.

"उगू द्या ना आठेच, आक्का," मी म्हणाले. म्हणताना हसत होते, वाक्य संपेपर्यंत हसू राहिलं नाही.

आक्कांनी परात माझ्या हातात दिली आणि घंगाळातली हळद ओंजळीत घेतली. चुलत फुई आपणहून बाजूला सरकल्या. पहिला हात लेकीच्या गालावर पडला.