गुडघ्यातली दोरी

माझं अक्षर वाकडं आहे, ऱ्हस्वदीर्घही चुकतात, त्याची माफी असावी. पण आज मैदानावर पाहिलेलं मनातून जात नाही.

माझी लेक सुमी खो-खो खेळायची. मागे एकदा पळताना झटकन वळली आणि गुडघ्यात कट्‌ असा आवाज झाला. डॉक्टरांनी प्लॅस्टिकचा गुडघा उघडून दाखवला. पुढं वाटी, दोन हाडांमध्ये मऊ गादी, आणि आत हाडांना धरून ठेवणारी दोरी. सुमीची ती दोरी तुटली होती. ते म्हणाले, "चालेल, जिने चढेल. पण असं वळणं आता नको."

एवढ्याशा दोरीवर पोरीचा सगळा आनंद टांगलेला होता, हे मला कुठं ठाऊक होतं? माझे गुडघे अजून धड आहेत. रोज भांडी घासायला उकिडवी बसते, उठते. ते तिला देता आले असते तर.

आज ती खुर्चीवर बसून सामना बघत होती. मैत्रीण म्हणाली, "सुमे, खुर्ची उबवतेस होय गं?"

"हो, अंडं घातलं की तुलाच देते," सुमी हसली.

तेवढ्यात रांगेत बसलेल्या मुलीच्या पाठीवर थाप पडली, "खो!"

सुमीची टाच उचलली, अंग पुढं झुकलं. मग तिनं हळूच टाच खाली टेकवली आणि ओढणी सारखी केली.

मी दुसरीकडं बघितलं.