बाबूतात्यांचं चित्तर आणि माझी खोड

ये गं मीनल, अशी जवळ ये. उंबऱ्यावर काय बसतेस वसुलीला आल्यासारखी? चार महिन्यांनी आजीला तोंड दाखवलंस, त्यात चहा व्हायच्या आत पिशवीतून काय काढलंस, तर ही कार्डं. छान आहेत हो. सिनेमातली माणसं, भोवती जुन्या काळची वेलबुट्टी, सगळं तू स्वतः केलंस, कौतुकच आहे. पण पाठ उलटून बघितली तर कोरी. आमच्या बाबूतात्यांनी बघितली असती तर म्हणाले असते, "ह्ये चित्तर न्हाई पोरी, ह्यो नुसता पुठ्ठा हाय."

बाबूतात्या म्हणजे आमच्या इंदापुरातले पेंटर. तंबूतला सिनेमा गावात आला की त्याच्या पाट्या ते रंगवायचे. घर आमच्या गल्लीतच, माझ्या वडिलांशी भावकीसारखं येणं-जाणं. त्यांच्याकडे एक बिस्किटाचा डबा होता. कालव्यावरचा कुणी गोरा साहेब देश सोडताना देऊन गेलेला. त्यात विलायती सिगारेटच्या पाकिटातून निघणारी जुनी चित्रं होती. राजे, घोडे, टोपीवाले शिपाई, कडेला सोनेरी वेल आणि खाली नावाची फीत. तात्यांनी ती वेल उचलली, ती फीत उचलली, तंबूतल्या नटांच्या ऐटी उचलल्या आणि राजांच्या जागी आमचं गाव बसवलं. कापडदुकानातले टाकाऊ पुठ्ठे तळहाताएवढे कापायचे, डिंकात रंग खलायचे, की झालं चित्तर. पारूबाई भाजीवाली नायिकेसारखी मान वाकडी करून उभी, आणि हृदयाशी काय धरलंय, तर दुधी भोपळा.

खरी गंमत पाठीवर. तिथे दोनच ओळी असायच्या, एक गुण, एक खोड. पारूबाईच्या मागे होतं, "गुण : वजनात चोख. खोड : भाव विचारला की माहेर काढते." कीर्तनकार बुवांच्या मागे, "गुण : आवाज. खोड : तोच." फौजदारांच्या मागे, "गुण : घोड्यावर शोभतात. खोड : घोड्याशिवाय शोभत नाहीत."

गावभर अदलाबदली चालायची. पोरं तर पोरं, पारावरचे बाप्येसुद्धा कोपरीच्या खिशात चित्तरं घेऊन बसायचे. "चार फौजदार घे आन् एक पारू दे," असं भर चौकात ऐकू यायला लागलं, तेव्हा फौजदार स्वतः आले. घोड्यावरूनच ओरडले, ही खोड पूस म्हणून. तात्या म्हणाले, "साहेब, उतरा की खाली. बसून बोलू." फौजदार काही उतरले नाहीत. का उतरत नाहीत ते सगळी पेठ समजून होती.

मी एकदा विचारलं, "तात्या, देवाचं चित्तर का न्हाई काढत?"

"काढीन की. पर खोड लिवावी लागंल. मला धा-बारा ठावं हायत, पर पुजारी शेजारीच ऱ्हातो."

मला शाळेतून दुसरीतच काढलं, भावंडं सांभाळायला. पुढचं माझं सगळं शिक्षण त्या पाठींवर झालं. जोडाक्षरं मी फौजदारांच्या पाठीवर शिकले म्हण ना. घरात वाचता येणारी मी एकटी. वडिलांना अंगठ्यापुढे काही येत नव्हतं.

मी सोळा वर्षांची झाले तेव्हा सांगवीचं स्थळ आलं. बागायती घर, भाजीपाला, कांदा. त्याआधी दोन स्थळं मला बघून गेली ती गेलीच. कारण कुणी सांगितलं नाही, पण आईला ठाऊक होतं. मी बोलायचे फार. माझ्या पाठीवर धाकटी बहीण होती, आणि वडील उठता-बसता म्हणायचे, "ह्ये मोडलं तर दोघी बी घरात." सांगवीकरांनी आधी फोटो मागितला. फोटोवाला बारामतीला. परक्या माणसाच्या कॅमेऱ्याच्या काळ्या बुरख्यापुढे वयात आलेली पोरगी बसवायची, हे वडिलांच्या पचनी पडेना. मग त्यांनी तोड काढली. बाबूतात्या घरचाच माणूस, तो चित्र काढेल. फक्त बजावलं, "मान वाकडी नगं."

तात्यांनी मला उसाच्या कडेला उभी केली, हातात विळा, मान सरळ, तोंड जरासं उघडं. "मिटलेलं काढलं तर तुला वळखंल कोण?" म्हणाले. वडील खूश. घरी आणून त्यांनी ते भिंतीतल्या देवळीत ठेवलं आणि उसाला पाणी द्यायला गेले. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं बारामतीच्या बाजारात सांगवीकरांच्या हाती द्यायचं होतं.

मी सवयीनं पाठ उलटली.

"गुण : कुणी न शिकवता वाचते. खोड : समोरच्याचं बोलणं पुरं होऊ देत नाही, मोठा असला तरी."

तशीच पळत तात्यांकडे गेले.

"तात्या, ह्ये पुसा."

"काय?"

"खोड. स्थळाला जायाचंय ते."

"मग गुण बी पुसू?"

"गुण ऱ्हाऊ द्या."

"फौजदार बी ह्येच म्हणत हुता. हे बघ हौसे, खोड म्हंजी—"

"मला ठावं हाय तुमी काय म्हणणार ते."

तात्यांनी चित्तराची पाठ बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि ओलं फडकं माझ्यापुढे टाकलं. "मी पुसणार न्हाई. तू पूस. पर मग फितीवरचं नाव बी पूस. ती कुणीतरी दुसरीच गुणी पोरगी. तिला सांगवीला धाडू, तू ऱ्हा हितंच."

मी पुसलं नाही. धीर वगैरे म्हणू नकोस. ओलं फडकं लागलं असतं तर पुठ्ठा भिजून पुढच्या बाजूचा ऊससुद्धा ओघळला असता, आणि मी त्या चित्रात दिसत होते लई छान. जन्मात तेवढी पुन्हा दिसले नाही. गुपचूप देवळीत ठेवून दिलं. वडिलांना सांगितलं नाही.

आठ दिवस निरोप नाही. मोडलं तर बहिणीचंही माझ्यामुळे अडणार, आणि बापाला कळलंसुद्धा नसतं का ते.

नवव्या दिवशी सांगवीची माणसं दारात. मुलगा, त्याचा चुलता आणि आजोबा, ज्यांना सगळे आबा म्हणत. चहा झाला. आबांनी पटक्याच्या घडीतून चित्तर काढलं, माझ्यापुढे धरलं. "वाच."

वडील म्हणाले, "काय वाचायचं त्यात?"

मी गुण वाचला. पुढची ओळ सोडून कपबशा गोळा करायला लागले. आबा हात मागे घेईनात. शेवटी वाचली. वडील पार मिरचीसारखे लाल झाले. आत भांडं पडलं, म्हणजे आईनंही ऐकलं.

आबांनी घसा खाकरला. "आमच्या घरात—"

"आबा, ते तात्यांनी आपलं गमतीनं—"

बोलून गेले, मग कळलं. चुलत्यानं छताकडे बघितलं. मुलगा मात्र खाली मान घालून हसत होता, ते मी बघितलं बरं का.

आबा वडिलांना म्हणाले, "चित्तर खोटं न्हाई, पाव्हनं. आता ऐका. माझ्या घरात समदी माझं पुरतं ऐकून घेत्यात. तीन वर्सं झाली, कांदा चुनखडीच्या रानात लावतोय. तिन्ही वर्सं गोटीएवढा कांदा. एकानं मधी तोंड घातलं न्हाई. समद्यांस्नी ठावं हुतं, आन् समदी व्हय आबा, व्हय आबा." मग माझ्याकडे वळले. "तुला कांद्याचं काय कळतं?"

"चुनखडीत लावू नये एवढं कळतं."

लग्न झालं. वडील तात्यांशी महिनाभर बोलले नाहीत, आणि मग दारावरचा गणपती रंगवायला त्यांनाच बोलवावं लागलं.

दोनेक वर्षांनी निरोप आला, तात्या अंथरुणाला खिळलेत. मी तान्ह्या लेकीला घेऊन भेटायला गेले. खोलीत रंगांचा तोच वास, माणूस मात्र अर्धा उरलेला. मला बघून काही बोलायला लागले. एक शब्द, मग धाप, मग दुसरा शब्द. माझ्या तोंडावर दहा उत्तरं आली होती, बरे व्हाल, काळजी करू नका, डॉक्टर कुठला. सगळी गिळली. जन्मात पहिल्यांदा मी कुणाचं वाक्य संपेपर्यंत थांबले. आता काहीतरी जपून ठेवण्यासारखं सांगतील म्हणून डोळ्यांत पाणी आणून थांबले.

"हौसे… जरा… सरक. उजेड… अडवतीस."

सरकले. भिंतीला अर्धवट रंगवलेली पाटी टेकवलेली होती, तिच्यावर ऊन आलं. ते बघत पडून राहिले. त्याच आठवड्यात गेले.

तर मीनल, तुझी कार्डं ने परत, आणि पाठी भरून आण. माझं केलंस तर खोड खरी लिही, मला मस्का लावू नकोस. आणि चार महिने लावू नकोस गं. माझ्या वयाला चार महिने म्हणजे फार झाले. पुढच्या पंधरवड्यात ये, मुक्कामाला ये.