पौषातलं ऊन

सासूबाई लाकडं आणायला वर डोंगरात गेल्या की परत येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असतो. नवऱ्याला फोनवर सांगावं तर हे म्हणणार, "तू उगाच घाबरतेस." उगाच! मुंबईत पंख्याखाली बसून उगाच म्हणायला काय जातंय? त्यांच्या आईला मधूनच भोवळ येते. मागच्या वर्षी मोळीसकट घसरल्या, गुडघ्यातून रक्त गळत होतं, आणि मला सांगतात, "काय नाय गो, काटा लागला." काटा असा लागतो होय? मी हळद लावली आणि मोरीत जाऊन रडून घेतलं.

आमची वाडी पोलादपूरपासून बरीच वर, आणि आमचं घर वाडीच्या शेवटाला, डोंगराला पाठ लावून उभं. घरात गॅस आहे, पण तो स्वयंपाकापुरता. अंघोळीचं पाणी न्हाणीतल्या चुलीवरच तापतं. कॉइल आणून बघितली, तर वीज नेमकी पहाटे दगा देते. आणि सासूबाईंना पाणी लागतं पहाटेच. अंघोळ झाल्याशिवाय देवाला हात लावायचा नाही आणि देवाचा दिवा लागल्याशिवाय चहाचा घोट घ्यायचा नाही, असा त्यांचा नेम. मी म्हटलं, लाकडं मी आणते, तर म्हणाल्या, "तू अंगणवाडीची पोरं सांभाळ. माजे पाय अजून गेले नायत." म्हणजे चुलीसाठी लाकडं, लाकडांसाठी डोंगर, आणि डोंगराच्या वाटेवर माझे डोळे.

म्हणून गेल्या मे महिन्यात हे सुट्टीवर आले आणि म्हणाले, "सोलर बसवून टाकू न्हाणीवरच्या स्लॅबवर," तेव्हा मला यांची दृष्टच काढावीशी वाटली. नळ फिरवला की गरम पाणी! मग डोंगरात जायचं कारणच उरणार नाही. सासूबाई मात्र फणस सोलत राहिल्या. नंतर एवढंच म्हणाल्या, "एवढी हौस असंल तर सव गावाला जाऊन ऱ्हावा. तिथं जमिनीतनंच कढत पाणी येतंय." हे हसले. मला हसू आलं नाही.

महाडहून सोलरवाला आला. स्लॅबवर चढला, पाण्याची टाकी बघितली, नळाला पाणी किती जोरात येतं ते विचारलं. मग दक्षिणेकडे तोंड करून उभा राहिला. तिकडे आमचा डोंगर. तो म्हणाला, "दक्षिणेला मोकळं पाहिजे. थंडीत सूर्य तिकडूनच कलून जातो." ह्यांनी हात वर केला. "अहो, ऊन बघा ना केवढं आहे! पाय ठेववत नाही स्लॅबवर." खरंच ठेववत नव्हता. सोलरवालाही चटके खात खाली उतरला आणि ताक प्यायला.

संध्याकाळी मी दोरीवरचे कपडे काढत होते आणि एकदम आठवलं. थंडीत मी गोधड्या कुठे वाळत घालते? आमच्या अंगणात नाही. खालच्या आळीत, चुलत जावेच्या अंगणात. का, तर आमच्याकडे पौषात ऊन यायलाच उशीर होतो आणि आलं तरी पाहुण्यासारखं, बूड टेकतंय न टेकतंय तोवर चाललं. इतकी वर्षं गोधड्यांचं ओझं वाहतेय, आणि भर दुपारी स्लॅबवर उभं राहून मला ते आठवू नये!

आणि ह्यांना कसं आठवणार? हे येतात शिमग्याला, मेमध्ये आणि गणपतीला. पौषात ह्यांनी स्वतःचं घर लग्नापासून बघितलेलं नाही. आमच्या वाडीतली सगळी कामं अशीच ठरतात. मे महिन्यात मुंबईकर येतात, आंबे खातात, घराचा निर्णय घेतात आणि जातात. शेजारच्यांच्या मुलाने हौसेने पुढे ओटी काढली, नेमकी पावसाची झड येते त्या बाजूला. आता चार महिने ती माणसं ताडपत्री बांधून अंधारात बसतात. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

मी ह्यांना म्हटलं, "एक पौष बघू दे मला. मग बसवा."

"तुला सोलर हवाय की नुसता नन्नाचा पाढा?"

"अहो, मला तुमच्यापेक्षा जास्त हवाय तो!"

ते रागावूनच गेले.

मग पाऊस आला. पावसात माझी चिंता वेगळी असते. तळीये गावावर दरड कोसळली तेव्हापासून वाडीत जोराची सर आली की माणसं बोलता बोलता थांबतात आणि वर बघतात. इशारा आला की आम्ही सगळे खालच्या शाळेत जाऊन राहतो. सासूबाई येतात, पण जरा उघडीप झाली की सगळ्यांच्या आधी घराकडे. ह्यांनी किती वेळा म्हटलं असेल, मुंबईला चला, नाहीतर खाली पोलादपुरात राहा. एकच उत्तर. "माजं घर सोडून मी कुटं जात नाय."

दिवाळी सरली, थंडी पडली, आणि पौषात मी काजळीने काळा झालेला जुना हंडा भरून स्लॅबवर ठेवला. तो काही सोलर नाही, मला कळतं. पण ऊन किती वेळ पडतं ते तर दिसेल. अंगणवाडीला जाताना बघायचं, आल्यावर पदर खोचून पुन्हा शिडी चढायची. निघताना हंडा सावलीत असायचा. दुपारी उन्हात. चहाच्या वेळेला डोंगराची सावली पुन्हा त्याच्या गळ्यापर्यंत. हात घालून बघावं तर पाणी जेमतेम कोमट. रोज वाटायचं, आज जरा जास्त तापलंय. मनाची समजूत, दुसरं काय!

शेवटी सोलरवाल्याला फोन लावला. तो सरळ बोलला. "वहिनी, टाकी ऊब रात्रभर धरते, पण आधी ऊन तर खायला मिळालं पाहिजे. डोंगराच्या सावलीत घातलंत तर नुसतं पिंप होईल. तुमच्या घराला नाही चालणार."

मी स्लॅबवरच बसले आणि रडायला लागले. एवढ्यात सासूबाई मोळी घेऊन आल्या. खालून ओरडल्या, "काय झालं गो? पडलीस काय?"

मग मला राहवेना. म्हटलं, "तुम्ही वर जाऊ नये म्हणून चाललंय हे सगळं! तुम्ही कधीतरी तिकडेच पडून राहाल, आणि मी इथे हाका मारत बसेन. मला भीती वाटते, आई. रोज वाटते."

त्यांनी मोळी टाकली. मग म्हणाल्या, "फाटी आणायला जातंय व्हय मी? फाटी तर हितं बांधालाबी मिळतात. उतर खाली. चल माज्यासंगं."

मी त्यांच्या मागून चढले. घराच्या बरोबर वर, करवंदीच्या जाळीपलीकडे, त्या थांबल्या. जमिनीला भेग होती. आडवी, लांब, जाळीत शिरून पुढे गेलेली. भेगेच्या दोन्ही अंगांना एकेक खुंटी ठोकलेली आणि मधे सुतळी ताणून बांधलेली.

"सुतळी तुटली की समजायचं, जमीन सरकली," त्या म्हणाल्या. "म्हनून येतंय बघायला."

"तुटली कधी?"

"ह्या पावसात दोनदा. मी पुन्ना बांधली."

"आणि ती मोळी कशाला, आई?"

"रिकाम्या हातानं आले असते तर तू इचारलं असतंस, न् कळल्यावर घर सोडाया लावलं असतंस."

एवढी वर्षं मी त्यांच्यासाठी झुरत होते, आणि ही बाई आम्हा सगळ्यांसाठी एकटी पहारा देत होती. मला त्यांचा इतका राग आला आणि इतकी माया आली की काय करावं कळेना. मी त्यांचा हात घट्ट धरला आणि आम्ही तशाच खाली उतरलो. घरी आल्याआल्या ह्यांना फोन केला. म्हटलं, "रजा टाका आणि या. मे महिन्यात नाही. आत्ता."

माझा आवाज ऐकून हे दुसऱ्याच दिवशी आले. रात्री मी त्यांना आधी जेवायला वाढलं. सकाळी त्यांना स्लॅबवर उभं केलं. हे कानटोपीत हात चोळत म्हणाले, "अजून ऊन नाही आलं?" मी म्हटलं, "नाही. आणि आता वर चला."

वर गेल्यावर हे भेगेपाशी उकिडवे बसले. आधी म्हणाले, "मेमध्ये तर आलो होतो मी इकडे, करवंदं काढायला." सासूबाई म्हणाल्या, "तवा पाल्यानं भरलेली असती." ह्यांनी भेगेत हात घातला. कोपरापर्यंत गेला. मग हात काढून खाली आपल्या घराकडे बघितलं.

घरी आल्यावर चहा तसाच ठेवून हे खाली मान घालून म्हणाले, "आई, पोलादपुरात घर बघतो. येशील?"

मला त्यांचं उत्तर पाठ होतं. सासूबाईंनी आधी देवाकडे बघितलं, मग न्हाणीतल्या चुलीकडे.

"तिथं सकाळचं ऊन येतंय का रे, थंडीचं?"

हे म्हणाले, "ते बघावं लागेल."

"मंग उद्याच जा न् बघून ये. तुजा सोलर तिथं बसव," त्या म्हणाल्या. "पौष हाय तवरच बघ, मे म्हैन्यावर ठेवू नको. पुडल्या पावसात मी सांजसकाळ सुतळी बांधली तरी पुरायची नाय."