बाहेर एक माणूस उभा आहे

एंटर दाबायच्या आधी अंकल दोन्ही हात कीबोर्डवरून वर उचलायचे. चर्चमध्ये मिस्साच्या वेळी फादर उचलतात तसे, तळवे पुढे करून. "हात वर, बाय," ते मला म्हणायचे, "आता वाच." मी पडद्यावरची ओळ वाचायची. मग ते एकच बोट खाली आणायचे, एंटर दाबायचे आणि म्हणायचे, "खलास."

तुम्हीही कुठल्या तरी ऑफिसात असा माणूस पाहिला असेल. कोपऱ्यात बसतो, पगाराच्या दिवशीच सगळ्यांना आठवतो, आणि तो रजेवर गेला की कुणालाच काही सापडत नाही. मी त्यांच्याबद्दल लिहिते आहे खरी, पण आधीच सांगते, मी हे थोडं रागानेच लिहिते आहे. नीट लिहिणं जमेल की नाही, माहीत नाही.

आमचं ऑफिस शारजाच्या हमरिया फ्री झोनमध्ये आहे. पाइप आणि व्हॉल्व्ह विकणारी कंपनी. मागे यार्ड, पुढे ऑफिस, आणि ऑफिसच्या मधोमध काचेची केबिन. शारजातल्या कॉलेजातून मी तिथे ट्रेनिंगला गेले आणि नंतर पार्ट टाइम राहिले. बाबा दुबईत अल क्वोजमध्ये एसी दुरुस्त करतात. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. पहिल्या दिवशी कुठे बसायचं हे विचारायचं मला सुचलं नाही, म्हणून प्रिंटरजवळ उभी राहिले.

कोपऱ्यातून ते उठून आले. "तू प्रिंटर आहेस का?"

"नाही, सर."

"सर आत काचेत बसतो. मी अंकल. ये, खुर्ची घे."

अंकल वसईचे. कंपनीचे सगळे कॉम्प्युटर त्यांच्या ताब्यात होते. रोजचं काम ते काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून करायचे, आणि तो पडदा बघूनच मी खुर्ची मागे सरकवायचे. त्याच त्याच आज्ञा एका फाइलीत लिहून ठेवल्या की तिला स्क्रिप्ट म्हणतात, एवढं मला कॉलेजात शिकवलं होतं. पण अंकलना एक छोटं मोफत टूल सापडलं होतं. स्क्रिप्टमध्ये त्याची एक ओळ घातली की काळ्या पडद्यावर रंगीत चौकट यायची, बाणाने निवडायची यादी यायची, दोन बटणं यायची, काम चालू असेपर्यंत ठिपके गोल फिरत राहायचे.

"वसईला नाताळात अंगणात कंदील लावतो ना," ते म्हणाले, "तसंच आहे हे. काळोख तोच असतो. पण माणूस आत यायला घाबरत नाही."

यार्डात खानभाई नावाचे पेशावरकडचे स्टोअरकीपर होते. गाडी सोडायच्या आधी पडदा त्यांना ‘सोडू का?’ असं विचारायचा, आणि ते न बघता ‘यस’ दाबायचे. एकदा अबूधाबीची गाडी फुजैराला गेली. खानभाई डोकं धरून बसले. अंकलनी जाऊन फक्त बटणांवरचे शब्द बदलले. एकावर ‘गाडी छोडो’, दुसऱ्यावर ‘गाडी रोको’. इंग्रजी अक्षरांत, साधी हिंदी.

"‘यस’ तर माणूस कशालाही म्हणतो," ते मला म्हणाले. "बटणावर काम लिहायचं. आपण काय करतोय ते दाबणाऱ्याला दिसलं पाहिजे."

खानभाई खूश. "अब ये मेरेसे बात करता है!"

मी ती चौकट घरी लॅपटॉपवर बाबांना दाखवली. बाबांनी दोन्ही बटणं मोठ्याने वाचली. "हे विचारतं तरी," ते म्हणाले, आणि जेवायला बसले.

आता काचेतल्या माणसाबद्दल. मी त्याला इथे ‘तो’ म्हणणार आहे. ऑफिसात म्हणता येत नाही.

त्याच्या केबिनबाहेर नेहमी कुणीतरी उभं असायचं. सहीसाठी ड्रायव्हर, रजेसाठी हेल्पर, बिलासाठी एखादा छोटा सप्लायर. तो आतून पाच बोटं दाखवायचा. "बस, पाच मिनट." मग फोन. मग कॉफी. मग पुन्हा पाच बोटं. बाहेर माणसं उभी दिसली की त्याला आपण मोठं असल्यासारखं वाटत असावं. काच त्याने त्यासाठीच लावून घेतली, असं अंकल म्हणायचे. "मासा आतला आहे, पण त्याला वाटतं बाहेरचे सगळे टाकीत आहेत."

यार्डात काय माल आहे याचा रिपोर्ट अंकलच्याच स्क्रिप्टमधून निघायचा. मी काढला की डोळ्याची पापणी लवायच्या आत यायचा. त्याने काढला की ठिपके फिरत राहायचे, फिरतच राहायचे. ठिपक्यांशेजारी लिहिलेलं असायचं, ‘बस, पाच मिनट’.

मला वाटलं त्याचा कॉम्प्युटर खराब आहे. दुरुस्त करावं म्हणून मी स्क्रिप्ट उघडून वाचली. त्यात एक ओळ होती. तिचा अर्थ एवढाच, की लॉगिन त्याच्या नावाचं असेल तर पाच मिनिटं काहीही करू नकोस, नुसते ठिपके फिरव.

मी अंकलकडे बघितलं. ते डब्यातली सुकट भाताखाली लपवत होते, कारण मायक्रोवेव्हमध्ये मासळी गरम करायला त्याने बंदी घातली होती.

"वाचलंस?" त्यांनी विचारलं.

मग त्यांनी सांगितलं. मी यायच्या आधीची गोष्ट. वसईहून फोन आला की मोठी बहीण गेली. आई लवकर गेली होती, या बहिणीनेच त्यांना वाढवलं होतं. विमान संध्याकाळचं होतं. रजेच्या कागदावर एक सही हवी होती. अंकल काचेबाहेर उभे राहिले. आत तो जुमेरा लेक टॉवर्समधल्या नव्या फ्लॅटसाठी सोफा ठरवत होता. आधी बेज, मग ग्रे, मग पुन्हा बेज. अंकलनी काचेवर टकटक केली. पाच बोटं. सही मिळाली तेव्हा विमान गेलेलं होतं.

"आमच्यात पेटी खाली गेली की प्रत्येक जण मूठभर माती टाकतो," अंकल म्हणाले. "सगळ्यांनी टाकली. माझी मूठ राहिली."

"तुम्ही त्याला काही बोलला नाहीत?"

"काय बोलणार? इथला माझा व्हिसा त्याच्या हातात. मग हे लिहिलं."

मी म्हटलं, "अंकल, पाचाचे दहा करूया."

ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. "बाय, तुझं डोकं माझ्यापेक्षा वाईट आहे."

त्यानंतर रोज सकाळी आम्ही दोघं त्याला वाट बघताना बघायचो. तो अंगठी फिरवायचा, मान मोडायचा, पडद्यावरच्या ठिपक्यांकडे टक लावून बसायचा. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटायचं. कॉलेजात कुणी माझ्या उच्चारांना हसलं तरी त्या दिवशी मला चालायचं.

पण एकदा त्याने एका पाहुण्याला केबिनमध्ये बसवून रिपोर्ट उघडला. ठिपके फिरायला लागले. तो खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "देखो, पूरे ऑफिसमें मेरा रिपोर्ट सबसे भारी है. टाइम तो लगेगा, हबीबी."

अंकलनी हातातला चमचा खाली ठेवला.

"त्याला आवडायला लागलंय," ते म्हणाले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. "त्याला कळलंच नाही तर हा बदला कसला? मी त्याची करमणूक करतोय."

बहिणीच्या वर्षाच्या मिस्साला जायचं म्हणून त्यांनी पुन्हा रजा मागितली. बऱ्याच आधी मागितली. तो म्हणाला, कामाचा सीझन आहे, रजा नाही. अंकलनी राजीनामा दिला. एवढ्या वर्षांची नोकरी त्यांनी एका मिस्सासाठी सोडली, आणि ऑफिसात कुणी ‘का’ म्हणून विचारलंही नाही. त्या वेळी मला जो राग आला तो अजून गेलेला नाही.

शेवटच्या दिवशी त्यांचं विमान संध्याकाळचंच होतं. आणि नोकरीतून सुटकेच्या कागदावर पुन्हा एकच सही राहिली होती. बॅग पायाशी ठेवून ते काचेबाहेर उभे राहिले. आतून पाच बोटं दिसली.

तेवढ्यात त्याने मला आत बोलावलं. फोनवर मोठा ग्राहक होता, यार्डात कुठल्या मापाचे व्हॉल्व्ह आहेत ते त्याला लगेच हवं होतं. "यल्ला, जल्दी रिपोर्ट निकालो." त्याच्याच कॉम्प्युटरवर मी रिपोर्ट सुरू केला आणि बाजूला झाले. ठिपके फिरायला लागले.

तो ठिपक्यांची वाट बघत होता. ग्राहक त्याची वाट बघत होता. बाहेर अंकल. मध्ये मी, काय करावं ते न कळलेली.

ठिपके थांबले आणि एक चौकट आली. मी ती आधी कधीच पाहिली नव्हती. अंकलनी सकाळी घातली असणार. त्याने न वाचता एंटर दाबला. ठिपके पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले.

"ये क्या है?"

फोनवरच्या ग्राहकाने काहीतरी बोलून फोन ठेवला. ठिपके थांबले, तीच चौकट आली. त्याने पुन्हा एंटर दाबला. पुन्हा ठिपके. त्याचा चेहरा लाल झाला. "तोड दो इसको! तुम्हें आता है ना?"

मला येत होतं. एका बोटाचं काम होतं. पण चौकट परत आली तेव्हा मी दोन्ही हात वर उचलले.

"सर, पहले पढिए."

त्याने वाचलं. मीही वाचलं. चौकटीत लिहिलं होतं, ‘बाहर एक आदमी खडा है.’ खाली दोन बटणं. ‘अंदर बुलाओ’ आणि ‘खडा रहने दो’. निवडीचा रंग आधीपासूनच दुसऱ्या बटणावर होता. तो इतका वेळ तेच दाबत होता.

त्याने मान वर केली. काचेपलीकडे अंकल सरळ त्याच्याकडे बघत उभे होते. एरवी ते त्याच्यासमोर जमिनीकडे बघायचे.

त्याने बाण दाबून रंग पहिल्या बटणावर नेला आणि एंटर दाबला. रिपोर्ट तत्क्षणी आला. ठिपके नाहीत, काही नाही. मग त्याने हाताने खूण केली आणि अंकल आत आले. बसले नाहीत.

"ये क्या मजाक है?" त्याने सही करता करता विचारलं.

"मजाक नहीं, सर. बहन की मिट्टी थी."

त्याचं पेन थांबलं. "कौनसी बहन?"

मला वाटलं, आता अंकल सगळं बोलतील. त्यांनी कागद उचलला, शाईवर फुंकर मारली आणि म्हणाले, "खलास."

टॅक्सीत बॅग ठेवताना ते मला म्हणाले, "त्याने लगेच सही दिली असती ना, तर मी जागेवर परत येऊन ती चौकट काढणार होतो. देवाशपथ."

"आणि आता?"

"आता स्क्रिप्ट तुझी."

दोन दिवसांनी वसईहून फोटो आला. एक उघडा तळहात, त्याला ओली माती लागलेली. खाली काही लिहिलेलं नव्हतं.

त्याने मला चौकट काढायला सांगितली, आणि वाट बघायला लावणारी ओळही. मी म्हटलं, "हो सर. बस, पाच मिनट."

त्याला आता बरेच महिने झाले. तो मधूनमधून विचारतो, मी पाच बोटं दाखवते. रोज सकाळी तो रिपोर्ट उघडतो, ठिपके फिरतात, मग चौकट येते. तो हात कीबोर्डवरून उचलतो आणि काचेबाहेर बघतो. अंकल उभे राहायचे तिथे कोणी नसतं. तरी त्याला बघावं लागतं.