चौथं नाव

कोरावाले आजोबा कुणाला 'कसे आहात' म्हणून विचारत नसत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "बापाचं नाव काय?" झूटरमेर या डच गावात ते आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे. मूळचे आफ्रिकेतल्या बामाकोचे, पिढीजात गाणारे. लोकांच्या वाडवडिलांची नावं गाण्यातून सांभाळायची, हे त्यांच्या घराण्याचं काम. कोरा म्हणजे त्यांचं भोपळ्याचं, एकवीस तारांचं वाद्य. त्याला हात लावण्याआधी ते स्वतःच्या सात पूर्वजांची नावं म्हणत. "ज्यांचं वाद्य, त्यांना विचारून घ्यावं."

रविवारी मी चहा घेऊन खाली जायचो. दोघांचंही डच सारखंच मोडकं, त्यामुळे छान जमायचं. एकदा म्हणाले, "तुझीही सात नावं आण. गाणं बांधून देतो." मला तीनच येत होती, ती सांगितली. आमची वंशावळ कुठल्या भाटाने कधी लिहिली नाही. होती ती बाबांच्या डोक्यात, अमरावतीला. "पुढच्या रविवारी विचारून सांगतो," मी म्हणालो.

असे किती रविवार गेले. बाबांना फोन व्हायचा. "जयभीम बाबा, गोळ्या घेतल्या का?" "घेतल्या. तुझी पोरगी मराठी बोलते का?" तेवढ्यात माझी मीटिंग सुरू व्हायची. खाली आजोबा विचारत, "नावं आणलीस?" मी चहा पुढे करायचो. एकदा मात्र चिडले. "तुझ्याकडे कॉम्प्युटर तीन आहेत. बाप एकच आहे."

बाबा गेले तेव्हा मी विमानात होतो. परत आलो, तर आजोबा दुखऱ्या गुडघ्यांनी जिना चढून कोरा घेऊन आले. माझी तीन नावं गायली. चौथ्याच्या जागी नुसती तार छेडली आणि थांबले. एका शब्दाने रागावले नाहीत. तेच मला सोसवलं नाही, मी ढसाढसा रडलो.

यंदा आजोबाही गेले. दफनानंतर माणसं घरी जमली. आता त्यांच्या पूर्वजांची नावं म्हणायची होती आणि म्हणणारा कुणी नव्हता. मुलगा मूसा हेगला ट्राम चालवतो. कोरा तो कधी शिकला नाही. दुसऱ्याच नावाला तो अडखळला आणि मान खाली घालून उभा राहिला. मग मी पुढे झालो. सातही नावं म्हटली, रविवारी ऐकून ऐकून पाठ झालेली.

मूसाने माझा हात धरला. "पुन्हा सांगा, मी पाठ करतो."

मी पुन्हा सांगितली. त्याने विचारलं, "आणि तुमची किती येतात?"

"तीन."

मूसाला विचारायला मी तरी होतो.