तो बघ काऊ

सख्यांनो, या ग्रुपवर मी नुसती वाचते. आज लिहितेय, कारण मघापासून कशातच मन लागत नाहीये.

आमची सई दहा महिन्यांची. मी ऑफिसला असताना चांदीप गावच्या मावशी घरी येऊन तिला सांभाळायच्या. आता त्यांच्या सुनेला बाळ झालंय, म्हणून आज त्यांचा शेवटचा दिवस होता.

निघताना म्हणाल्या, "वहिनी, पोरीला खिडकीत न्या. तिनं बघितलं तर माझा पाय नाय निघनार."

आमची रोजची रीतच ती. सकाळी मावशी तिला खिडकीशी नेऊन "तो बघ काऊ" म्हणायच्या आणि मी चपला हातात घेऊन सटकायचे. संध्याकाळी काऊ मी दाखवायचे आणि मावशी निघायच्या. पोर रडू नये म्हणून घरोघरी हेच करतात.

आजही मी "तो बघ काऊ" म्हटलं. समोरच्या पत्र्यावर कावळा खरंच बसला होता. सईने तिकडे पाहिलंच नाही. तिने मान वळवून दाराकडे पाहिलं आणि माझ्या गाऊनचा गळा मुठीत घट्ट धरला.

मावशी दारातच थबकल्या. मग तोंडाला पदर लावून गेल्या.

सई रडली नाही. रडली असती तर बरं वाटलं असतं. आता झोपलीय, पण मूठ सुटलेली नाही, म्हणून एका हाताने टाईप करतेय.

उद्यापासून सासूबाई तिला सांभाळतील. सकाळी मला निघायचंय. तुमच्यापैकी कोणी बाळाला सांगून निघतं का?