चिंचोलीच्या सिग्नलजवळची म्हैस

गोपाळकृष्ण खांबेट्यांचा माणसांवर विश्वास नव्हता असं म्हणणं अन्यायाचं होईल. माणसांवर होता, माणसं जे बोलतात त्यावर नव्हता. भूमी अभिलेख कार्यालयात चौतीस वर्षं काढल्यावर दुसरं काय होणार? तिथे रोज कुणी ना कुणी येऊन छातीवर हात ठेवून सांगायचं, की हा बांध आजोबांच्या काळापासून इथेच आहे, आणि नकाशा काढला की बांध भलतीकडेच. त्यामुळे "कागद आहे का?" हा प्रश्न त्यांच्या जिभेवर कायमचा मुक्कामाला आला होता. लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवशी जयाबाई म्हणाल्या, "चाळीस वर्षं झाली हो," तर हे म्हणाले, "एकोणचाळीस असावीत. बघतो."

अशा माणसाने इतिहास लिहायला घेतला तो सीना लाईट रेल्वेचा. नोकरीच्या सुरुवातीला त्यांची बदली त्या भागात झाली होती आणि तिथल्या छोट्या गाडीच्या वाफेच्या इंजिनांनी त्यांना असं काही पछाडलं की पुण्याला परत आले तरी ते भूत उतरलं नाही. गाडी बंद पडली, रूळ उखडले, स्टेशनांवर बाभळी उगवल्या. खांबेटे मात्र कर्वेनगरातल्या आपल्या खोलीत बसून एकेका इंजिनाची कुंडली मांडत राहिले: कुठल्या साली आलं, बॉयलर कधी बदलला, कुठे भंगारात निघालं. एकोणीस वर्षं झाली, पुस्तक होतच होतं. विषयाची चौकशी करायची सोय नव्हती. वरच्या मजल्यावरचा अभिनव एकदा लिफ्टमध्ये सहज म्हणाला, "काका, सध्या काय चाललंय?" आणि पाचव्या मजल्यावर उतरायचा तो पुन्हा तळमजल्यावर पोहोचला.

पुस्तकाची बारा प्रकरणं होती. त्यातली अकरा जयाबाईंच्या मते झोप न येणाऱ्यांसाठी होती. सहावं मात्र खांबेट्यांच्या गळ्यातला ताईत होतं. नाव होतं, 'मार्गावरील जनावरांचा उपद्रव : चिंचोली सिग्नलचा विशेष अभ्यास'.

त्याचं असं झालं होतं. जुन्या बाजारातल्या एका रद्दीवाल्याकडे त्यांना गोणभर कागद सापडले होते, बंद पडलेल्या इंजिन शेडचे. त्यात मकसूद नावाच्या ड्रायव्हरची जाडजूड फाईल होती. हा मकसूद दुपारच्या गाडीवर, नऊ नंबरच्या इंजिनावर असे आणि चिंचोलीच्या सिग्नलजवळ आला की जोरात शिट्टी मारी. त्याने चिंचोलीच्या स्टेशनमास्तरांची वामकुक्षी मोडे. ते तक्रार करत, शेडमधले साहेब ड्रायव्हरकडे लेखी खुलासा मागत आणि ड्रायव्हर मराठीत लिहून देई, "रुळावर म्हैस होती." सोळा वर्षांत असे एकेचाळीस खुलासे. सगळे सहीशिक्क्यानिशी!

खांबेट्यांच्या दृष्टीने हे घबाडच होतं. त्यांनी तक्ते केले, आलेख काढले. म्हैस नेहमी दुपारीच येते, याचा अर्थ ती पाण्यावर जाते. दरवर्षी मे महिन्यात पंधरा दिवस येत नाही, याचा अर्थ चाराटंचाई. एका परिषदेत त्यांनी हे प्रकरण वाचलं तेव्हा एक निवृत्त पशुवैद्य उभे राहिले आणि म्हणाले, एकाच म्हशीची सोळा वर्षांची सलग नोंद त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. टाळ्या पडल्या. एकोणीस वर्षांत खांबेट्यांच्या वाट्याला आलेल्या तेवढ्याच.

"सोळा वर्षं एकच म्हैस एकाच जागी?" जयाबाईंनी घरी आल्यावर विचारलं होतं. "आणि एकदाही गाडीखाली आली नाही?"

"कागदावर आहे," खांबेटे म्हणाले.

तर अखेर मुहूर्त लागला. येत्या सोमवारी पुस्तक छपाईला जायचं ठरलं. अडलं होतं एवढंच, की मुखपृष्ठासाठी नऊ नंबरच्या इंजिनाचा धड फोटो मिळत नव्हता. रेल्वेवेड्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर खांबेट्यांनी हाक दिली आणि तिसऱ्या दिवशी वाघोलीहून एका मुलीचा निरोप आला, "हाय अंकल, मी तरन्नुम. नऊ नंबर माझे नाना चालवायचे. मकसूद ड्रायव्हर. नानीकडे फोटो आहे, या ना."

शनिवारी सकाळी खांबेटे निघाले. फायलींची पिशवी आणि छापायला द्यायची प्रत सोबत होती, कारण फोटो मिळाला की तिथेच मुखपृष्ठाचं मोजमाप घेऊन टाकायचं होतं. जयाबाईही निघाल्या. "एवढी वर्षं त्या म्हशीबरोबर संसार केला, तिचं सासर तरी बघू," त्या म्हणाल्या. कर्वेनगरहून मनपा आणि मनपाहून वाघोली, असा दोन तासांचा बसप्रवास झाला. खराडीच्या पुढे बस अर्धा तास जागची हलली नाही तेव्हा खांबेट्यांनी घड्याळ बघून जाहीर केलं, की सीना लाईट एव्हाना दोन स्टेशनं पुढे गेली असती. शेजारच्या प्रवाशाने कानात हेडफोन घातला.

तरन्नुमचा फ्लॅट सातव्या मजल्यावर होता. मुलगी पंचविशीची, आयटीतली, बोलताना निम्मं इंग्रजी. तिची नानी कमरजहां कॉटवर मांडी घालून बसली होती. वय अठ्ठ्याहत्तर, सावळी, काटक, डोळ्यांत अजून चांगलीच धार.

"बसा, भाऊ. अवं ताई, तुमी इकडं पंख्याखाली या," ती म्हणाली. "तरन्नुम, पाणी आण. एवढ्या लांबनं आल्यात."

फोटो मिळाला. नऊ नंबरचं इंजिन आणि त्याच्या पायरीवर उभा, मिशाळ, गंभीर मकसूद. खांबेट्यांनी भिंगातून इंजिन पाहिलं, चिमणी पाहिली, नंबराची पाटी पाहिली. ड्रायव्हर त्यांना थोडा आड येत होता. ते खूश झाले आणि खुशीत त्यांनी एक चूक केली. एरवी ते कुणाला काही विचारत नसत. आज शिष्टाचार म्हणून विचारलं.

"ती चिंचोलीची म्हैस आपण पाहिली असेल ना, आपा? कुणाची होती?"

"म्हस?" कमरजहां म्हणाली. "कुठली म्हस?"

"सिग्नलजवळची. रोज रुळावर येणारी."

"तितं कुठली आलीय म्हस? समदा खडक. कुत्रं सुदिक फिरकत न्हवतं."

खांबेटे समजूतदारपणे हसले. म्हातारं माणूस, विसरणारच. "आपा, आपले यजमान सोळा वर्षं त्या म्हशीसाठी शिट्टी वाजवत होते. माझ्याकडे लेखी आहे."

"शिटी व्हय!" म्हातारीचा चेहरा एकदम उजळला. "अवं, ती शिटी माझ्यासाठी. सिग्नलपासनं गाडी ठेसनात यायची, मग इंजिन सोडून हातपाय धुऊन क्वार्टरवर यायला त्यास्नी अर्धा तास लागायचा. शिटी वाजली की मी तवा चुलीवर ठिवायची. ताटात भाकरी गरम लागायची त्यास्नी. गार दिली तर बोलायचे काय न्हाई, पण निम्मी ठिवून उठायचे."

मग जयाबाईंच्या घशातून एक चमत्कारिक आवाज आला. त्यांनी पदर तोंडाला लावला.

"आपली काहीतरी गल्लत होतेय," खांबेटे म्हणाले. त्यांनी फाईल काढली आणि कार्यालयात सात-बारा वाचून दाखवावा तशा कोरड्या आवाजात वाचायला सुरुवात केली. "हे पाहा. बारा ऑगस्ट एकोणीसशे एकोणसत्तर. 'सदर ठिकाणी रुळावर म्हैस होती. रंगाने सावळी. फार हट्टी. एका शिट्टीत ऐकत नाही, म्हणून दोन वाजवल्या.'"

कमरजहांने मान पुढे केली. "काय? परत वाचा."

खांबेट्यांनी परत वाचलं.

"फार हट्टी?"

"फार हट्टी. पुढे ऐका. वीस मे एकोणीसशे सत्तर. 'सदर म्हैस हल्ली दिसत नाही. शिट्टी वाजवली नाही. तरी स्टेशनमास्तरांनी सवयीने तक्रार केली आहे.' हे चाराटंचाईमुळे. पाणी नसल्याने जनावरं—"

"मी माहेरी जायची," कमरजहां म्हणाली. "मे महिन्यात. पंधरा दिस."

जयाबाईंनी आता पदर काढून टाकला होता आणि त्या उघडपणे हसत होत्या. तरन्नुम खांबेट्यांच्या मागे येऊन कागदात डोकावत होती. "अंकल, नेक्स्ट वाचा ना, प्लीज. नेक्स्ट!"

खांबेट्यांना थांबायचं होतं. पण कागद समोर असताना अर्धवट वाचून थांबणं त्यांच्या रक्तात नव्हतं. "तीन नोव्हेंबर एकाहत्तर. 'सदर म्हशीस काल रेडकू झाले. दोघी सुखरूप आहेत. आनंदाने शिट्टी जरा लांबली. क्षमा असावी.'"

"ओ माय गॉड," तरन्नुम म्हणाली. "ती मम्मी! मम्मीचा बर्थडे दोन नोव्हेंबरला असतो! मम्मी रेडकू आहे!"

आणि कमरजहां हसायला लागली. आधी नुसते खांदे हलले, मग ती कॉटवर हात आपटून हसली, मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी हसतच राहिली. "मेल्या," ती फोटोकडे बघून म्हणाली, "मला म्हस म्हनतूस व्हय रं! तेबी साहेबापाशी!" जन्मात नवऱ्याला अरेतुरे न केलेल्या बाईने त्याला ती पहिली हाक मारली.

खांबेटे फाईल मांडीवर घेऊन बसून राहिले. डोळ्यांपुढे तक्ते, आलेख, तो पशुवैद्य, त्या टाळ्या, सगळं एकेक करून आडवं होत होतं. पुस्तकातलं कुणालाही आवडलेलं एकच प्रकरण, आणि त्यात म्हैसच नाही! सोमवारी छपाई. प्रकरण काढलं तर उरतं काय? बॉयलरचे नंबर. ठेवलं तर उद्या आपल्याला माहीत असलेली खोटी गोष्ट आपल्याच नावाने छापली जाणार, आणि असल्या गोष्टी तर आयुष्यभर दुसऱ्यांच्या बोलण्यात पकडत आलो. त्यांना जयाबाईंचा राग आला, मकसूदचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला. सरळ सरळ एका बायकोबद्दल लिहिलेलं होतं आणि आपण चाराटंचाई शोधत बसलो.

"मी हे प्रकरण काढून टाकतो," ते शेवटी म्हणाले. "चुकलं माझं."

कमरजहांचं हसू ओसरलं होतं. तिने ओढणीने डोळे पुसले. "भाऊ, एक सांगू? हा मानूस घरात मुका. दिसाला चार शब्द बोलला तर लई. 'वाढ', 'पुरे', 'आलो', 'जातो'. बावन्न वर्सांत मला बरी म्हनला न्हाई का वाईट म्हनला न्हाई. मला वाटायचं, ह्याच्या मनात आपन हाय का न्हाई, कुनास ठाऊक. नऊ वर्सं झाली त्याला जाऊन, तरी वाटायचं." तिने फोटोकडे पाहिलं. "समदं साहेबालाच सांगत हुता की. आनि किती हायती?"

"एकेचाळीस."

"वाचा. समदे वाचा."

खांबेट्यांनी सगळे वाचले. पाऊण तास लागला. मधे तरन्नुमने चहा आणला, तो गार झाला. सदर म्हैस रुसली होती, सदर म्हशीला ताप होता म्हणून शिट्टी हळू वाजवली, सदर म्हशीने नवी हिरवी झूल घातली होती आणि ती तिला शोभत होती. वाचता वाचता खांबेटे मधूनच चष्मा पुसत. शेवटचा कागद त्यांनी प्रकरणात घेतलाच नव्हता, कारण तो तक्त्यात बसत नव्हता. लिहिणाऱ्याची चूक, असा शेरा मारून बाजूला ठेवला होता. तो त्यांनी आता हातात घेतला.

"एकतीस मार्च चौऱ्याऐंशी. सेवानिवृत्तीचा दिवस. 'आज सिग्नलपासून स्टेशनापर्यंत शिट्टी सोडलीच नाही, हे खरे आहे. रुळावर म्हैस नव्हती. क्वार्टरच्या दारात उभी होती. शिक्षा मान्य आहे.'"

कमरजहां खाली बघत होती. "उभी हुते मी," ती म्हणाली. "आले, हातपाय धुतले, जेवाय बसले. एक शब्द बोलले न्हाईत." मग तिने विचारलं, "आनि साहेबानं शिक्षा काय दिली?"

खांबेट्यांनी कागद उलटला. मागे लाल शाईत शेरा होता, तो त्यांनी शंभर वेळा पाहिला होता आणि त्यावर 'प्रशासनातील ढिलाई' असा अर्धा पानभर मजकूर लिहिला होता. "'खुलासा वाचून समाधान झाले,'" ते म्हणाले. "एकेचाळिसांवर तोच शेरा आहे."

"म्हंजे साहेबाला पयल्यापासनं कळत हुतं," कमरजहां म्हणाली. "तुमालाच उशीर लागला."

"अहो, यांना घरातलंही कळायला उशीर लागतो," जयाबाई म्हणाल्या. पण त्यांचा आवाज नेहमीसारखा तिरकस लागला नाही.

खांबेट्यांनी पिशवीतून पुस्तकाची प्रत काढली आणि सहाव्या प्रकरणाचं पहिलं पान उघडलं. पेनाने 'जनावरांचा उपद्रव' खोडलं. तक्ते खोडले, आलेख खोडले. आता उरले ते नुसते खुलासे. समासात त्यांनी 'म्हैस म्हणजे' एवढं लिहिलं आणि वर पाहिलं.

"आपा, आपलं पूर्ण नाव सांगता? इथे छापायला हवं."

कमरजहांने फोटो खांबेट्यांपुढून उचलून आपल्या मांडीवर घेतला. "नाव नगा घालू," ती म्हणाली. "त्यांनी लिवलंय तेच असू द्या."

खांबेट्यांनी समासातले ते दोन शब्द खोडले आणि पेनाला टोपण लावलं.